सोलापूरचा उन्हाळा मोजायचा कसा आणि उष्णतेच्या लाटेचा अंदाज वाचायचा कसा

एप्रिल उजाडला की सोलापुरात तापमानाचे आकडे फिरू लागतात. कुणाच्या मोबाईलवर ४३ असतं, कुणाच्या गाडीच्या काचेखाली ४७, आणि संध्याकाळच्या बातमीत तिसराच आकडा येतो. त्यातला सगळ्यात मोठा आकडा पुढे पाठवला जातो. आठ दिवसांनी ‘लाट येणार’ असा खरा इशारा येतो, तेव्हा त्याकडे कुणी बघत नाही, कारण लोक तोवर आकड्यांना विटलेले असतात. यंत्रमागाच्या पत्र्याखाली उभा असणारा कामगार, घरात विडी वळत बसलेली बाई, मार्केट यार्डातला हमाल, स्लॅबवर सेंट्रिंग ठोकणारा पोरगा यांना हे परवडणारं नाही. त्यांना दोन दिवस आधी कळलं तर पाळी बदलता येते, पाणी साठवता येतं.

म्हणून इथे सगळं काम क्रमाने देतो आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून, म्हणजे ‘विक्रम मोडला का?’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

## पायरी १: फेब्रुवारीअखेर साधनं जमवा

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत.

- कमाल आणि किमान दोन्ही आकडे लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर, शक्यतो आर्द्रताही दाखवणारा. काही शे रुपयांत मिळतो. दोन घेता आले तर दोन घ्या: एक बाहेर, एक झोपायच्या खोलीत.
- एक साधी वही आणि तिला दोरीने बांधलेला पेन. मोबाईलमधली नोंद दुसऱ्या आठवड्यात सुटते, भिंतीला टांगलेली वही सुटत नाही.
- फोनवर भारतीय हवामान विभागाचं ‘मौसम’ अ‍ॅप. त्यासोबत विभागाच्या संकेतस्थळावरचं मुंबई प्रादेशिक केंद्राचं पान जपून ठेवा, कारण महाराष्ट्राचे जिल्हानिहाय इशारे तिथे मिळतात.

फोनच्या आत तापमान मोजणारा भाग असतो, पण तो बॅटरीचं तापमान मोजतो. फोनच्या पडद्यावर दिसणारा हवेचा आकडा इंटरनेटवरून येतो. पुष्कळदा तो संगणकाने काढलेला त्या भागाचा अंदाज असतो, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. होटगी रोड आणि भवानी पेठ इथे उभ्या असलेल्या दोघांना एकच आकडा दिसला, तर तो दोन्हीकडे जाऊन कुणी मोजलेला नाही हे ध्यानात ठेवा.

घेतल्यावर दोन्ही थर्मामीटर एका टेबलावर शेजारी ठेवा, तासभर हात लावू नका. दोघांत अर्ध्या अंशाचा फरक असला तर चालेल. दीड-दोन अंशांचा असला तर दुकानातून बदलून आणा. या स्वस्त यंत्रांत एखाद-दुसऱ्या अंशाची चूक असतेच. ती किती आहे हे ठाऊक असलं की काम भागतं, आणि ती शोधायची रीत तिसऱ्या पायरीत दिली आहे.

## पायरी २: थर्मामीटर योग्य जागी टांगा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथे थोडं थांबावं लागेल.

आपल्याला हवेचं तापमान हवं आहे, उन्हाचं नको. उन्हात ठेवलेला थर्मामीटर स्वतः तापतो आणि स्वतःचाच आकडा सांगतो. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या रंगाच्या, चारही बाजूंनी झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात. पेटीत वारा खेळतो, ऊन शिरत नाही, आणि तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. घरी तंतोतंत तसं जमणार नाही, पण त्या चार गोष्टी साधायच्या: सावली, वारा, उंची, आणि तापलेल्या वस्तूंपासून अंतर.

टाळायच्या जागा:

- गच्ची. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता सोडत राहतो.
- पत्र्याच्या छपराखालची जागा आणि पत्र्याच्या दाराशेजारचा खिळा.
- एसीच्या बाहेरच्या यंत्राची किंवा फ्रिजच्या मागची बाजू.
- कूलरसमोरची खिडकी. इथे उलटी चूक होते, आकडा पाच-सहा अंश कमी दिसतो.
- दुकानाच्या शटरजवळ, डांबरी रस्त्याच्या कडेला.

चांगल्या जागा: अंगणातल्या कडुनिंबाखाली फांदीला टांगून, मोकळ्या व्हरांड्यात भिंतीपासून वीतभर पुढे, दोन्ही बाजूंनी उघड्या बोळात छाती-खांद्याच्या उंचीवर.

सावध: ‘उत्तरेच्या भिंतीला टांगा, तिथे ऊन येत नाही’ हा सल्ला पुस्तकात बरोबर असतो. सोलापूरच्या मे महिन्यात तो चुकतो. सोलापूर साधारण पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन तर मार्चअखेरीपासूनच उत्तरेच्या भिंतीवर तिरपं पडू लागतं. म्हणजे ऐन लाटेच्या दिवसांत, दिवस कलताना, तुमच्या ‘सावलीतल्या’ थर्मामीटरवर ऊन येतं आणि वहीत खोटा विक्रम लागतो.

उपाय स्वस्त आहे. पांढऱ्या प्लास्टिकच्या पाच-सहा बशा उपड्या एकावर एक ठेवा, प्रत्येक दोघींत बोटभर फट ठेवा आणि लांब स्क्रूने जोडा. वरची बशी अखंड ठेवून खालच्या बशांना मधोमध भोक पाडा. त्या पोकळीत थर्मामीटरचा वायरचा सेन्सर सोडा. ऊन अडतं, वारा जातो.

पडताळा: जागा ठरवल्यावर एक दिवस सकाळी ८, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ६ वाजता जाऊन नुसतं बघा, थर्मामीटरवर ऊन पडतंय का. मे उजाडल्यावर हेच पुन्हा करा.

## पायरी ३: ठरल्या वेळी नोंद करा आणि आपल्या यंत्राची खोट काढा

हवामान विभागाच्या केंद्रांवर किमान तापमान सकाळी साडेआठला आणि कमाल तापमान संध्याकाळी साडेपाचला नोंदतात. तुम्हीही तेच करा. दुपारचा सूर्य सोलापुरात साडेबाराच्या आधी माथ्यावर येतो, पण जमीन तापून तिच्यावरची हवा तापायला वेळ लागतो. दिवसाचा कळस बहुधा तीन ते चारच्या दरम्यान येतो. दुपारी एकला बघून ‘आज एवढं’ असं लिहिलेल्या नोंदीचा काही उपयोग नाही.

वहीत इतकंच आखा: तारीख, किमान, कमाल, दुपारची आर्द्रता, आकाश, वारा, आणि झोपायच्या खोलीतलं रात्री दहाचं तापमान. शेवटचा रकाना वगळू नका. तो का हवा ते पुढे येईल.

आता रीसेटचं बटण. ते बहुतेक जण संध्याकाळी दाबतात, आणि ते चूक आहे. संध्याकाळी साडेपाचला हवा ४१ अंशांवर आहे आणि तुम्ही रीसेट केलंत, तर यंत्र ४१ पासूनच पुढचं कमाल मोजायला लागतं. दुसऱ्या दिवशी ढग आले, वळीव पडला, दिवसभरात ३८ च्या वर पारा गेलाच नाही, तरी यंत्र ४१ दाखवणार. ते कालचं आहे. म्हणून रोज एकदाच रीसेट करा, सकाळी साडेआठला, किमान लिहून झाल्यावर. काही यंत्रं मध्यरात्री आपोआप रीसेट होतात. ती वापरायला हरकत नाही, फक्त तसं होतं की नाही हे घेतानाच बघा.

खोट काढायची रीत: मार्चमधले पंधरा दिवस आपलं कमाल आणि त्याच दिवशी हवामान विभागाने सोलापूर केंद्राचं दिलेलं कमाल शेजारी शेजारी लिहा. फरकांची सरासरी काढा. समजा तुमचं यंत्र रोज दीडेक अंश जास्त दाखवतं. ही तुमच्या जागेची आणि यंत्राची मिळून खोट. ती वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. फरक एक दिवस अर्धा, दुसऱ्या दिवशी चार असा उड्या मारत असेल, तर यंत्राआधी जागेवर संशय घ्या. कुठूनतरी ऊन येत असणार.

सावध: खोट कळली म्हणून जुन्या नोंदी खोडून ‘दुरुस्त’ करू नका. यंत्राने दाखवलं तेच लिहा, हिशेब वेगळ्या रकान्यात करा.

## पायरी ४: आकडा सरासरीशी ताडून बघा

‘आज ४२’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मार्चच्या मध्यावर ४२ म्हणजे मोठी गोष्ट, मेमध्ये ती सोलापूरकराची रोजची दुपार. म्हणून हवामान विभाग प्रत्येक केंद्राच्या आकड्यापुढे सरासरीपासूनचा फरक देतो. ही सरासरी तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेली असते. तापमानाच्या शेजारी अधिक-उणे चिन्हाचा जो छोटा आकडा असतो तो हाच, आणि बातमीत नेमका तोच गाळला जातो. वहीत तो उतरवून घ्या.

ही सरासरी त्या केंद्राची आहे. तुमच्या व्हरांड्यातल्या आकड्यातून केंद्राची सरासरी वजा करून ‘सरासरीपेक्षा सहा अंश जास्त’ असं जाहीर करू नका. फरक हवा असेल तर केंद्राचाच घ्या.

## पायरी ५: ‘लाट’ कशाला म्हणतात ते पाठ करा, आणि सोलापुरात ते पुरत नाही हेही

मैदानी भागासाठी हवामान विभागाचे निकष असे आहेत:

1. केंद्राचं कमाल निदान ४० अंशांवर गेलं पाहिजे. किनारपट्टीला ३७ आणि डोंगराळ भागाला ३० धरतात.
2. कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट, ६.४ च्याही वर असेल तर तीव्र लाट.
3. सरासरी काहीही असो, कमाल ४५ झालं की लाट, ४७ झालं की तीव्र लाट.
4. हवामान उपविभागातल्या (हवामान विभागाने पाडलेल्या भागातल्या, आपला ‘मध्य महाराष्ट्र’) किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस असं घडलं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

आता हे सोलापूरला लावून बघा. एप्रिलअखेरीला आणि मेमध्ये आपली सरासरी कमालच चाळिशीच्या आसपास असते. त्यात साडेचार मिळवले की पंचेचाळिशीच्या घरात जातो. म्हणजे दोन्ही वाटांनी गेलं तरी लाटेचा उंबरठा जवळपास ४५ वरच येतो. मार्चमध्ये सरासरी ३७ धरली, तर ४१.५ ला निकष पुरा होतो. मेमध्ये ४३.५ असलं, अंगाची लाही होत असली, आठवडाभर तेच चाललं असलं, तरी कागदावर लाट नसते.

ही हवामान विभागाची चूक नाही. निकष ‘नेहमीपेक्षा किती वेगळं’ हे मोजतो, आणि आपलं नेहमीचंच इतकं वर आहे. पण घराघरांत त्याचा अर्थ ‘इशारा नाही, म्हणजे काळजी नाही’ असा लावला जातो. हा सगळ्यात घातक गैरसमज आहे. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा जवळच्या केंद्रावरचा आकडा ३८ च्या आसपास होता. तासन् तास ऊन, दमट हवा आणि गर्दी एवढं पुरेसं ठरलं.

त्यामुळे इशाऱ्यासोबत स्वतःचे तीन उंबरठे ठेवा. माझ्या मते सोलापूरसाठी हे ठीक आहेत:

- केंद्राचं कमाल सलग तीन दिवस ४२ च्या वर.
- झोपायच्या खोलीत रात्री दहाला ३५ च्या वर.
- कमाल ४० च्या आसपास, पण दुपारची आर्द्रता ४० टक्क्यांकडे सरकलेली.

यातलं एकही झालं, तर जाहीर लाट नसतानाही सातव्या पायरीतली कामं सुरू करा.

तिसऱ्या उंबरठ्याबद्दल थोडं. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर शरीराला ती जवळपास चाळीसच जाणवते, कारण घाम झटकन वाळतो. त्याच ४० ला आर्द्रता ४० टक्के झाली की जाणवणारं तापमान ४८ च्या आसपास जातं. वळवाच्या दुसऱ्या दिवशी नेमकं हेच होतं. पारा दोन अंश उतरलेला असतो, लोक सुटलो म्हणतात, आणि जीव मात्र जास्त कासावीस होतो.

रात्रीचंही तसंच. दिवसा कमाल ४० किंवा जास्त असताना रात्रीचं किमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून वर राहिलं, तर हवामान विभाग ‘उष्ण रात्र’ म्हणतो आणि तसा इशाराही देतो. शरीर रात्री सावरतं. रात्र गरम राहिली की दुसऱ्या दिवशीचं ऊन थकलेल्या शरीरावर पडतं. पत्र्याच्या खोलीत हे केंद्राच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून आतला थर्मामीटर आणि तो शेवटचा रकाना.

## पायरी ६: अंदाज याच क्रमाने वाचा

लांबच्या अंदाजाकडून जवळच्या अंदाजाकडे या. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

हंगामाचा अंदाज. मार्च ते मेचा अंदाज फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या तोंडावर येतो, एप्रिल ते जूनचा मार्चअखेरीला. ‘सरासरीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता, लाटेचे दिवस जास्त’ अशा भाषेत तो असतो. यावरून कूलरची दुरुस्ती, पत्र्यावर पांढरा रंग, लग्नाच्या मांडवाची वेळ एवढंच ठरवा. तारीख त्यात शोधू नका.

दोन आठवड्यांचा अंदाज. दर गुरुवारी येतो. पुढचा आठवडा कसा आणि त्याच्या पुढचा कसा हे नकाशाने कळतं. स्लॅब टाकायचा दिवस, शेतातली खुरपणी, बाहेरगावचा प्रवास यासाठी तो कामाचा.

पाच दिवसांचे जिल्हानिहाय इशारे. हे रोज बघायचे. रंग चार आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारी करा. लाल म्हणजे कृती करा.

त्या दिवशीचा अंदाज. सकाळी एकदा, दुपारी एकदा. अंदाज बदलतात आणि नवा आला की जुना रद्द समजायचा.

शेतकऱ्यांसाठी कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला, दुभती जनावरं असतील तर तो जरूर वाचा.

वाचताना होणाऱ्या चुका:

पहिली चूक उपविभागाची. सोलापूर ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतं. शेजारचं धाराशिव आणि लातूर मराठवाड्यात, कलबुर्गी आणि विजयपुरा उत्तर अंतर्गत कर्नाटकात. ‘विदर्भात लाट’ हा इशारा ‘महाराष्ट्रात लाट’ होऊन आपल्याकडे पोचतो. उलट, मध्य महाराष्ट्र या एका नावाखाली जळगाव, महाबळेश्वर आणि सोलापूर तिन्ही येतात, त्यामुळे नुसतं उपविभागाचं नाव वाचूनही भागत नाही. जिल्ह्याच्या रकान्यात सोलापूर शोधा. आणि अक्कलकोट किंवा बार्शीला राहत असाल तर सीमेपलीकडचा इशाराही बघा. उष्ण हवेला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

दुसरी चूक तारखेची. पत्रकावर ‘कधी निघालं’ आणि ‘कधीपर्यंत लागू’ ही दोन वेळांची नोंद असते. पहिल्या दिवसाचा इशारा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत धरतात. गटात आलेल्या चित्रावर या वेळा कापलेल्या असतील, तर ते चित्र पुढे पाठवू नका. गेल्या वर्षीचा लाल नकाशा यंदा फिरतोच.

तिसरी चूक ‘जाणवणारं तापमान’ आणि ‘तापमान’ यांची सरमिसळ. खासगी अ‍ॅपवर ४१ च्या खाली बारीक अक्षरांत ४५ लिहिलेलं असतं. ते हवेचं तापमान नाही.

चौथी: बाराव्या दिवशीचा नेमका आकडा. अ‍ॅप तो दाखवतं म्हणून तो खरा होत नाही. पाच दिवसांपलीकडे फक्त कल बघा, वर जातोय की खाली.

पडताळा: वहीत एक रकाना वाढवा: ‘तीन दिवसांपूर्वी काय सांगितलं होतं’. महिनाभरात तुम्हाला स्वतःलाच कळेल की कोणता स्रोत किती चुकतो आणि कोणत्या बाजूला चुकतो. मला हा रकाना सगळ्यात उपयोगी वाटतो. त्यामुळे विश्वास आंधळा राहत नाही आणि अविश्वासही.

अंदाजासोबत आपल्या दारातल्या खुणाही लिहा. आकाश सलग निरभ्र, वारा कोरडा आणि उत्तर-वायव्येकडून, सकाळचं किमान रोज थोडं चढत चाललेलं, दुपारची आर्द्रता घसरत चाललेली: असं दोन-तीन दिवस दिसलं आणि अंदाजही तेच म्हणत असेल, तर तो खरा धरा. दुपारनंतर ढग जमू लागले, वारा दिशा बदलू लागला, तर वळवाची शक्यता. एक सर पडल्याने लाट संपली असं मात्र समजू नका. आकाश मोकळं झालं की दोन दिवसांत पारा परत येतो.

## पायरी ७: अंदाज आला की काय करायचं, उलट्या मोजणीने

पाच ते चार दिवस आधी. सोलापुरात पहिला प्रश्न पाण्याचा. तुमच्या भागात नळाला पाणी कोणत्या दिवशी सुटतं ते कॅलेंडरवर लिहा आणि लाटेच्या तारखा त्याच्यावर ठेवून बघा. दोन पाळ्यांमधला खंड नेमका लाटेत येत असेल, तर आधीच्या पाळीलाच टाकी, हौद, कळशा भरून घ्या. लाट सुरू झाल्यावर टँकर शोधत उन्हात फिरणं हे दुखण्याला आमंत्रण आहे. घरात म्हातारं माणूस, बाळंतीण, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल तर औषधं आणून ठेवा, आणि गोळ्यांच्या प्रमाणाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. लघवीच्या गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका. ओआरएसची पाकिटं आणा.

तीन ते दोन दिवस आधी. कामाच्या वेळा बदलायच्या त्या आता. गवंडीकाम, रस्ता, शेत, हमाली: जड काम सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. यंत्रमाग कारखान्यात दिवसपाळीचा दुपारचा भाग सैल करा, छताखालच्या झडपा उघडा, पत्र्यावर पोती टाकून ओली ठेवता येत असतील तर ठेवा. मालकाने मुकादमाला तोंडी सांगून सोडू नये, वेळापत्रक लिहून दारावर लावावं. विडी वळणाऱ्या बायका बहुतेक घरातच पत्र्याखाली बसतात आणि त्यांची ‘सुट्टी’ म्हणजे बुडालेली मजुरी. त्यांच्यासाठी पहाटे लवकर बसून दुपारचे तीन तास मोकळे ठेवणं हाच व्यवहार्य उपाय आहे. गल्लीत एखादं पक्क्या छताचं समाजमंदिर असेल तर दुपारपुरतं ते उघडून घ्या.

कामाला नवा आलेला माणूस, किंवा गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलेला, याला पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि ती सवय मोडतेही लवकर.

आदल्या संध्याकाळी. माठ भरा, चादरी भिजवायची बादली तयार ठेवा. पहाटे खिडक्या उघडा, नऊच्या आत पूर्वेच्या आणि दुपारी पश्चिमेच्या खिडक्या झाका. कूलर लावणार असाल तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो.

त्या दिवशी. तहान लागायची वाट न बघता दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी. घामासोबत मीठही जातं, म्हणून मीठ घातलेलं ताक, पन्हं, ओआरएस. घरी करायचं झालं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. प्रमाण मोजून घ्या, मीठ अंदाजाने टाकू नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी-मीठ डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच.

सावध: खोलीतली हवा ४० च्या वर गेली की पंखा थंडावा देत नाही, गरम हवाच अंगावर मारतो. अशा वेळी अंगावर ओलं फडकं घ्या, तोंड-मान-हात ओले ठेवा, किंवा थंड जागी जा. आतला थर्मामीटर इथेही उपयोगी पडतो.

माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपू लागली, अंग भाजतंय इतकं गरम लागलं, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं मानू नका. काम करता करता कोसळलेल्या माणसाला घाम असू शकतो.

## पायरी ८: ‘विक्रम’ सगळ्यात शेवटी, आणि पाच प्रश्न विचारून

‘सोलापुरात विक्रमी तापमान’ अशी बातमी आली की हे विचारा:

1. कोणत्या केंद्रावर? हवामान विभागाचं केंद्र, महसूल मंडळातलं महावेधचं (राज्य सरकारच्या हवामान-नोंदणी प्रकल्पाचं) स्वयंचलित केंद्र, चौकातला फलक आणि मोटारीचा डॅशबोर्ड यांचे आकडे एका ओळीत बसत नाहीत.
2. विक्रम कशाचा? त्या तारखेचा, एप्रिलचा, या हंगामाचा की आजवरचा? ‘हंगामातला उच्चांक’ दर आठवड्याला मोडू शकतो. आजवरचा उच्चांक मोडणं फार दुर्मीळ.
3. कधीपासूनच्या नोंदींत? दहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या केंद्राचा विक्रम दहा वर्षांचाच.
4. आकडा दुपारचा की साडेपाचनंतरचा? दुपारी फिरणारा आकडा बदलू शकतो.
5. आजूबाजूची केंद्रं काय म्हणतात?

पाचवा प्रश्न निर्णायक असतो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. त्याच दिवशी दिल्लीतली बाकीची केंद्रं ४५ ते ४९ च्या दरम्यान होती. हवामान विभागाने तपासलं तेव्हा तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. देशाचा मान्य उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा राहिला, १९ मे २०१६ रोजीचे ५१ अंश. राजधानीतल्या यंत्राची ही गत, तर आपल्या व्हरांड्यातल्या यंत्राने ४८ दाखवलं की आधी जागा तपासा. पंढरपूर, मोहोळ, धाराशिव, कलबुर्गी इथले आकडे बघा. सगळीकडे पारा त्याच सुमाराने चढला असेल तर दखल घ्या. एकटं आपलंच यंत्र उडी मारत असेल तर ती यंत्राची उडी.

रस्त्यावर इन्फ्रारेड गन धरून ‘६२ अंश’ दाखवणारे व्हिडिओही फिरतात. तो आकडा डांबराचा असतो आणि डांबरासाठी तो खराही असू शकतो. अनवाणी पायांना, उभ्या गाडीत ठेवलेल्या बाळाला, बैलाच्या खुरांना त्याने फरक पडतो. शहराचं तापमान म्हणून मात्र तो सांगू नये.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की वहीतून चार गोष्टी वेगळ्या कागदावर काढा: ४२ च्या वरचे दिवस किती, सलग किती, खोलीत रात्री दहाला ३५ च्या वर किती वेळा, आणि यंत्राची खोट यंदा किती होती. थर्मामीटरमधल्या बॅटऱ्या काढून ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत नव्या घातल्यावर पहिल्या पायरीतली शेजारी ठेवून करायची तपासणी पुन्हा करा, कारण सेन्सर जुना होतो तशी खोट बदलते.